नाताळच्या कार्यक्रमाचा सर्वेसर्वा

१७ नोव्हेंबर
आज मिस्सानंतर फादर साल्वनी विचारलं, यंदा नाताळचा कलागुणांचा कार्यक्रम कोण बसवणार? सगळं चर्च एकदम बूट न्याहाळायला लागलं. मी उभा राहिलो. (चेट्टा म्हणते, तुझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उठलास आणि फादरनी पकडलं. बायकोला इतिहास लिहायला देऊ नये.)
पहिलं तत्त्व: संयोजकाने स्वतः गायचं नाही. ठाम.

२० नोव्हेंबर
नावं आली. ट्रॅक्टरवाला नेनू शिट्टीवर नाताळची गाणी वाजवणार. टपाल वाटणारी रोझी गावातल्या माणसांच्या नकला करणार. त्यात माझीही आहे असं कळलं. चर्चच्या हॉलमध्ये नकला शोभत नाहीत. नामंजूर.
चेट्टाने गच्चीवरच्या खोलीतून अ‍ॅकॉर्डियन काढलाय. लग्नानंतर हात लावला नव्हता. तीन मिनिटं मागते. म्हटलं, बघू. घरचं माणूस घेतलं की लोक वशिला म्हणतात.

२६ नोव्हेंबर
सुरुवात उठावदार हवी. एकच गाणं म्हणेन. लोकाग्रहास्तव. (लोक म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीतला पावलू. तोंडाला साबण होता, पण मान हलवली.)

१ डिसेंबर
पोस्टर लागलं. फोटो झकास. फादर म्हणाले, "विस्टिन, बाळ येशू तुझ्या मिशीपेक्षा लहान झालाय रे." पुढच्या वर्षी मोठा करू.

३ डिसेंबर
तालीम. नेनूची शिट्टी चांगली आहे. जरा जास्तच. तिच्यानंतर माझा आवाज फिका पडतो. त्याला अर्धं मिनिट दिलं. म्हणाला, "अर्ध्या मिनिटात माझे ओठसुद्धा ओले होत नाहीत." टोपी घालून निघून गेला. कलाकार म्हटलं की नखरे आलेच.

९ डिसेंबर
कार्यक्रम आटोपशीर केला. पूर्वार्धात माझी तीन, उत्तरार्धात तीन, मध्यंतरात एक हलकंफुलकं. चेट्टाला सांगितलं, वेळच उरत नाही. तिने मला माशाचं कालवण वाढलं, स्वतः ओट्यापाशी उभ्यानेच जेवली. समजूतदार बाई.

१४ डिसेंबर
चेट्टा रोज संध्याकाळी बाहेर. प्रार्थनेला जात असणार. अ‍ॅकॉर्डियनही दिसत नाही. दुरुस्तीला दिला असेल. बरंच झालं, तिला कारण मिळालं.

२१ डिसेंबर
हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. त्या मांडलेल्याच राहिल्या. आले फक्त फादर, तेही ओव्हरकोट घालून. चाचरत म्हणाले, सगळं गाव टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेलंय, रोझीने तिथे कार्यक्रम ठेवलाय, "मलाही आशीर्वाद द्यायला जायचंय. चल, गाडीत जागा आहे."
म्हटलं, आधी एक ऐका. ऐकलं. उभ्याने, हातात किल्ली घेऊन. रसिक माणूस.

२२ डिसेंबर
काल गेलो. तिथला गोंधळ पाहायला, दुसरं काही नाही.
नेनूची शिट्टी चालली होती. म्हाताऱ्या मधाची कडबोळी चघळत डोलत होत्या. मग रोझीने माझी नक्कल केली. पावलू हसता हसता खुर्चीवरून घसरला. हातवारे बरे होते, आवाजात दम नव्हता. मी पडद्याच्या कडेला उभा होतो. आत येऊन तिने माझ्या हातात पडद्याची दोरी कोंबली. "रिकामा उभा आहेस ना? ओढ."
पडदा उघडला. समोर चेट्टा.
मला पाहून तिने मान वळवली आणि वाजवायला लागली. सुरुवातीला बोटं अडखळली. नंतर नाही. ही बाई इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून माझी गाणी ऐकत होती. तीन मिनिटं झाली, मी दोरी ओढली नाही. म्हाताऱ्या ओरडल्या, "आणखी! आणखी!" तिने आणखी वाजवलं. रोझी कानाशी पुटपुटली, "विस्टिन, दोरीत नाक शिंकरू नकोस." सर्दी आहे मला.
परतताना अ‍ॅकॉर्डियन मी उचलला. भलताच जड. विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं होतं. तीन मिनिटं मागितली होती." मी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.
एक नोंद मात्र करायला हवी. शेवटी मी पडदा बंद केला, तेव्हा टाळ्या सगळ्यात जास्त पडल्या. दोरी कुणाच्या हातात आहे, हे लोकांना बरोबर कळतं.