सोललेलं संत्रं

बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ती मुलगी उत्तर चुकल्यावर गप्प खाली बसली. ते खोटं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं आणि ती गप्पही बसली नव्हती.

अकोल्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीतून एकाची निवड होती. तोंडी प्रश्न होता: दोन सारखी संत्री, त्यांतलं एक सोललेलं, पाण्यात कोणतं बुडेल? ती म्हणाली, सोललेलं. प्रश्न काढणाऱ्या विज्ञानाच्या वरिष्ठ सरांच्या कागदावर उत्तर होतं, सालीचं, कारण ते जड. सर माझ्या शेजारीच बसले होते. गुण मी लिहीत होते; मी फुली मारली. ती म्हणाली, "मॅडम, बादली आणू काय? करूनच पाहू ना." सर हसले, "बापा बापा! मोठी सायंटिस्ट होऊन राहिली!" आणि मी म्हणाले, "बस खाली." एका गुणानं तिचा नंबर गेला.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आठवतं ना? मी लहान आहे, माझं अजून शाळेत नाव घातलेलं नाही. तुम्ही चांदूर बाजारच्या संत्री भरायच्या शेडवरून कामावरून येता आणि मोरीत बादली भरता. सालीचं संत्रं वर डुलतं, सोललेलं सरळ तळाशी जातं. "हलकं झालं, मंग बुडलं काहून?" मी रडकुंडीला येते. तुम्ही मला सालीचा आतला पांढरा भाग बोटांनी दाबायला लावता. "पाह्य, कापसावानी हाय. याच्यात हवा. साल गेली त् हवा गेली. आता ते आपल्याएवढ्या पान्याहून भारी झालं." आई आतून ओरडते, "पोरीले जेवू द्या आधी!" एकदा मी बादलीकडे न बघताच "हो, बुडलं" म्हणाले, तेव्हा तुम्ही खरे रागावलात. "पाह्यलं नाही, त् हो काहून म्हनलं?"

माझी नोकरी कंत्राटी आहे. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे सरांच्या शेऱ्यावर ठरतं. काल स्वयंपाकघरात पातेल्यात संत्रं सोलून टाकलं. हे फक्त तुम्हालाच सांगते: ते तरंगावं असं मला वाटत होतं. एकदा तरंगलं असतं तर मी सुटले असते. बुडालं.

निवडलेल्यांची यादी बुधवारी अमरावतीला, विभागीय कार्यालयात जाते. आज शनिवार. मुख्याध्यापिकांना मी सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, हे सगळं सांगणार आहे.