पाखरं मोजाले गेलेला सासरा

केनवड,
सोमवार, माघ महिना

पुंजाजी, तुमाले बबनरावाचा रामराम पोचो. इकडं सारे खुशाल, फक्त माझा आवाज बसला आहे, त्याचं कारण पुढं येईलच. तुमचा गुडघा काय म्हणते? थंडीत तिळाचं तेल चोळत जा अन् आसेगावच्या त्या वैद्याचा (जो स्वतःच लंगडते) नाद सोडा. हे सारं फोनवर सांगाले घेतलं की मलेच हसू फुटते अन् तुमाले काही समजत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

तुमच्या भाचीले, योगिनीले, पाहाले वाशिमचा प्रज्वल मास्तर येऊन गेला, हे तुमाले ठाऊक आहे. तीन स्थळं पोरीनं नाकारली. हा पहिलाच, की ज्याच्यासाठी तिनं मान हलवली (आडवी नाही, उभी). त्यामुळं माझा जीव टांगणीले लागलेला. आता हा गडी शाळा नसली की काय करते, तर पाखरं मोजते! दर हिवाळ्यात तळ्यातळ्यानं फिरते. म्हणे, "काका, रविवारी मोजणी आहे, योगिनी येईल का?" तुमच्या बहिणीनं निकाल दिला, साक्षगंधाआधी पोरगी एकटी जाणार नाही, बाप संग जाईल. म्हणजे पाखरांची मोजणी त्यानं कराची अन् पोरीची राखण म्या.

रविवारी वारं असं सुटलं की काय सांगू! एकबुर्जीच्या धरणावर पाय ठेवला न ठेवला तर माझी टोपी उडाली ते थेट पाण्यात. प्रज्वल पलीकडं दुर्बीण लावून बसलेला. "पांढरा... एकटा... लाटेवर बसलेला," असं पुटपुटत तो वहीत लिहाले लागला. माझ्या तोंडात धूळ, बोलू कसा? शेवटी योगिनीच म्हणाली, "ते आमच्या बाबांचं आहे." त्यानं न हसता खोडलं. पोरगा मले तिथंच आवडला. दुसऱ्या पाझर तलावावर पाखरं वाऱ्याच्या भेवानं गवतात दडलेली, दिसलं एक नाही. भाकर-ठेचा खाल्ला, त्यात अर्धी माती.

तिसरं आपल्या गावचं तळं. पाणी हटलेल्या गाळात भावकीतल्या किशनचा हरभरा आहे (त्याच्याशी मी सहा वर्षं बोलत नाही), अन् त्या हरभऱ्यात ही बदकंच बदकं! प्रज्वल म्हणे, हे पट्टकादंब, हिमालय ओलांडून येतात. त्यानं आमाले बांधाआड पोटावर झोपवलं अन् मोजाले लागला. एकशे ऐंशी, एकशे एक्याऐंशी, एकशे ब्याऐंशी... तेवढ्यात एका बदकानं दाण्यानं भरला घाटा तोडलेला मले दिसला.

बस, पुंजाजी! चाळीस वर्षं पिकातली पाखरं हाकलणारा माणूस मी. गळ्यातला दुपट्टा कधी सुटला, त्याची गोफण कधी झाली, ढेकूळ कधी बसलं, मले काही पत्ता नाही. उभा राहून म्या असा हाकारा दिला, "हाऽऽ हुर्र रेऽऽ!" (आवाज तिथंच बसला.) सारी बदकं एकदम उठली. बरं, हरभरा माझा असता तर गोष्ट येगळी!

मले वाटलं, संपलं. पोरीचं लगन म्या एका ढेकळानं मोडलं. योगिनी दोन्ही हातानं तोंड झाकून बसलेली. बदकं आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की पंखांचा आवाज छातीत वाजला. चाळीस वर्षं हाकलली, पण अशी मान वर करून कधी पाह्यली नव्हती. खरं सांगतो, लय सुंदर असतात हो!

प्रज्वल कितीतरी वेळ वरच पाहत राह्यला. मंग म्हणे, "काका, एवढ्या जवळून जन्मात पाह्यले नव्हते. पण पुन्हा हाकलणार नाही, असा शब्द द्या." म्या दिला. मंग हळूच म्हणे, "ते ढेकूळ एवढं दूर गेलं कसं? मले शिकवा ना." शिकवलं. त्याचं पहिलं ढेकूळ मागं जाऊन त्याच्याच मोटरसायकलच्या आरशावर बसलं. योगिनी हसता हसता मातीतच बसली, तिले हसताना पाहून तो हसला, अन् मी तर रडलोच. तोवर बदकं तळ्यात उतरली. पुन्हा मोजली, तर दोनशे चौदा! माझ्या हाकाऱ्यानं बत्तीस वाढली, असं मी म्हणतो. तो म्हणते, ती मोजाचीच राह्यली होती.

घरी येऊन पोरीनं आईले एकच शब्द सांगितला, "हाच." पुढल्या रविवारी साक्षगंध. तुमाले किती आनंद झाला असेल ते मले इथून दिसून राह्यलं.

तुमचा,
बबनराव

ता. क. : आज सकाळपासून ती बदकं आपल्याच हरभऱ्यात उतरली आहेत. मी शब्दात अडकलो. तुमी कोणाले शब्द दिला नाही. दोन दिवस आधी या अन् गोफण घेऊन या.

आणखी ता. क. : गोफण राहू द्या. योगिनीनं प्रज्वलले सांगून टाकलं वाटते, आत्ताच त्याच्या वडिलांचा फोन आला. साऱ्या पाहुण्यांले साक्षगंधाआधी सुनेच्या शेतातली बदकं पाहाची आहेत, सारे शेताच्या धुऱ्याबांधावर येणार. पण तुमी याच. लग्नात मामा नवरीच्या मागं उभा राह्यते ना, तसे या रविवारी तुमी माझ्या मागं उभे राहा, अन् माझा उजवा हात घट्ट धरून ठेवा.