शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या चार तक्रारी अर्जदारासही लागू करण्याबाबत

दिनांक : १९ मार्च १९८४

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय,
लातूर, जिल्हा लातूर (नवीन)

अर्जदार : शेषेराव ग्यानोबा बिडवे, वय ५३, धंदा बैलांचा साज विकणे, राहणार जुने बैलबाजार मैदान, लिंबाच्या झाडापासून पश्चिमेस नऊ पावले, लातूर. (यापूर्वीच्या सर्व कागदांत 'राहणार मौजे पिंपळवाडी, तालुका निलंगा' असे लिहिले आहे. ते का, याचा खुलासा कलम ४ मध्ये केला आहे.)

विषय : बैलबाजार मैदानावरील नियोजित व्यापारी संकुलाच्या गाळेवाटप यादीत अर्जदाराचे नाव नसणे व बसलिंगप्पाचे असणे याबाबत.

संदर्भ : १) गाळेवाटपाची यादी, दि. ५ मार्च १९८४.
२) अर्जदाराच्या सन १९७३, १९७६, १९७९ व १९८१ मधील तक्रारी.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, दि. ५ रोजी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात गाळेवाटपाची यादी लागली. अर्जदार कार्यालय उघडण्यापूर्वीच हजर होता. यादीत पहिलेच नाव 'बसलिंगप्पा रेवणसिद्ध हत्ते, गाळा क्रमांक १, कोपरा, दोन शटर' असे आहे. अर्जदाराने यादी एकदा वरून खाली व एकदा खालून वर वाचली. बेचाळीस नावे आहेत, त्यांत अर्जदाराचे नाही. साहेब, सरकारी कागदावर खोटे कशाला लिहा? आपले नाव नाही याचे वाईट वाटलेच, पण त्याचे पहिले आहे याने अर्जदाराच्या पोटात जास्त दुखले. नोटिशीप्रमाणे ३१ मार्चला मैदान रिकामे करावयाचे आहे. यादीतले लोक संकुल बांधून होईपर्यंत पर्यायी जागेत बसतील. अर्जदाराने कोठे बसावे, हे नोटिशीत नाही.

२. बसलिंगप्पा कोण, हे साहेबांना माहीत पाहिजे. तो देवणीकडच्या एका वाडीचा. बहात्तरच्या दुष्काळात तो व अर्जदार एकाच दिवशी या मैदानावर खडी फोडावयास आले. दोघांचे ढीग शेजारी शेजारी होते. मुकादम मोजमापाला आला की त्याचा ढीग भरलेला असे आणि अर्जदाराचा थोडक्यात कमी पडे. अर्जदार मान वर करून त्याच्या ढिगाकडे पाही. पाहण्यात हातोडा थांबे, म्हणून ढीग आणखी कमी भरे. ही गोष्ट अर्जदाराची पत्नी केवळाबाई हिने त्याच वेळी दाखवून दिली होती व त्यानंतरही वेळोवेळी दाखवून दिली आहे.

पुढे पाऊस झाला, खडीकेंद्र उठले आणि मैदानावर बैलबाजार भरू लागला. दोघांचीही जनावरे दुष्काळात गेली होती. दोघांनीही तेथेच दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा मांडल्या. आधी अर्जदाराने मांडल्या, याची कृपया नोंद घ्यावी. तरीही गिऱ्हाईक त्याच्याकडे जाई, कारण वेसण. नव्या गोऱ्ह्याचे नाक टोचून वेसण घालताना चार माणसांनी धरले तरी जनावर उसळते, दोरी तोडते, एखाद्याला शिंगावर घेते. बसलिंगप्पा एकटा जातो, पाठीवर हात ठेवतो, कानाशी तोंड नेऊन कानडीत दोन शब्द बोलतो आणि गोऱ्हा गप उभा राहतो. ज्याने वेसण घातली त्याच्याकडूनच माणूस कासरा घेतो आणि कासऱ्याबरोबर घुंगरमाळही घेतो. अर्जदाराने एकदा तसाच प्रयत्न केला होता. त्याची डाव्या बरगडीवरची खूण साहेबांनी मागितल्यास दाखविण्यात येईल.

३. अर्जदार सातवी पास असून त्याचे अक्षर चांगले आहे. बसलिंगप्पास लिहिता-वाचता येत नाही. एवढ्या एकाच बाबतीत अर्जदार पुढे असल्याने त्याने तिचा उपयोग केला व बसलिंगप्पाविरुद्ध चार तक्रारी दिल्या.

पहिली तक्रार त्याचे कापडी छत अर्जदाराच्या बाजूस दीड हात येते, अशी होती. दुसरीत तो जनावरांच्या कानात कानडी मंत्र घालतो अथवा गुळातून काही चारतो, तरी पशुवैद्यकीय चौकशी व्हावी, असे म्हटले होते. तिसरी लिंबाच्या सावलीविषयी होती. दुपारनंतर सावली संपूर्णपणे त्याच्याकडे जाते व गिऱ्हाईक तिच्यामागे जाते, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा, अशी विनंती होती. (सकाळची सावली अर्जदाराकडे असते, हे त्या तक्रारीत लिहावयाचे राहून गेले.) चौथी तक्रार अशी की, झाड सरकारी असताना सर्व बाजार त्यास 'बसलिंगप्पाचा लिंब' म्हणतो, तरी लोकांस तसे म्हणण्यास मनाई करावी. प्रत्येक तक्रारीत अर्जदाराने बसलिंगप्पाची जागा हौदापासून किती पावले, झाडापासून किती हात, कोणत्या सालापासून, हे तंतोतंत लिहिले होते. तेवढी माहिती त्याच्या स्वतःपाशीही नव्हती.

प्रत्येक तक्रारीची एक प्रत अर्जदार उस्मानाबादेस कलेक्टर कचेरीत पाठवीत असे. तेव्हा आपला जिल्हा तोच होता.

४. आता लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेहून इकडच्या कागदांची बासने ट्रकने आली व त्यांत अर्जदाराच्या चारही तक्रारी सुखरूप आल्या. संकुलाच्या नियमाप्रमाणे ज्याची वहिवाट जिल्हा होण्यापूर्वी आठ वर्षांची आहे व ती सरकारी कागदाने सिद्ध होते, त्यास गाळा मिळतो. इतरांनी बाजार बैठकीच्या पावत्या तारेला टोचून ठेवल्या होत्या, त्या दाखविल्या. बसलिंगप्पाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. परंतु आपल्या कार्यालयातील लिपिकाने बासन सोडून सांगितले की, या माणसाविरुद्ध १९७३ पासून चार तक्रारी आहेत, तेव्हा हा येथे होता यात शंका नाही, आणि इतका पक्का पुरावा बेचाळीस जणांत दुसऱ्या कोणाचाही नाही. त्यामुळे त्यास गाळा क्रमांक १ मिळाला. संकुलाच्या नकाशात तो लिंबही राखला असून तो नेमका गाळा क्रमांक १ च्या दारात येतो.

अर्जदाराने आपल्या पावत्या जपल्या नाहीत. त्यांवर 'मैदानावर बसणारा' असे छापलेले असे व ते अर्जदारास कमीपणाचे वाटे, म्हणून तो त्या फाडून टाकी. त्याच कारणाने तक्रारीत आपला पत्ता तो पिंपळवाडीचा देई. पिंपळवाडीत अर्जदाराची दोन एकर कोरडवाहू आहे. कागद वाचणाऱ्या साहेबास हा कोणी शेतमालक तक्रार करीत आहे असे वाटावे, हा हेतू होता. तो सफल झाला. सरकारच्या मते अर्जदार बारा वर्षे पिंपळवाडीत राहून, अठरा कोसांवरून, बसलिंगप्पाच्या छताची लांबी पाहत होता.

तिसऱ्या तक्रारीवरून ओव्हरसिअर साहेब येऊन मोजणी करून गेले होते. त्या पंचनाम्याच्या नकाशात लिंब आहे, हौद आहे, बसलिंगप्पाची बैठक आहे. अर्जदाराच्या जागी कोरे आहे. त्या दिवशी अर्जदाराने दुकान मांडले नव्हते, कारण टेपचे दुसरे टोक त्याने धरले होते.

५. यादी लागली त्याच सकाळी बसलिंगप्पा पुडीत पेढे घेऊन अर्जदाराकडे आला आणि म्हणाला, "तुमी माझं नाव सरकारात ठिवलं. मला कागदातलं काय कळतंय?" हे तो साधेपणाने म्हणाला की समजून म्हणाला, याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला. उलगडा झाला नाही. पेढे चांगले होते, हेही अर्जदारास खुपले. केवळाबाईने दोन पेढे खाल्ले व म्हणाली, "त्याच्याकडं बघायच्या निम्मं गिऱ्हाइकाकडं बघितलं असतं तर आज पेढे आपुन वाटले असते." 

६. दि. ६ रोजी अर्जदाराने आपल्या कार्यालयात तोंडी विनंती केली की, चारही तक्रारी खोडसाळपणाच्या होत्या असे समजून रद्द कराव्यात, म्हणजे बसलिंगप्पाचा पुरावा जाईल. तक्रार खोटी असली तरी माणूस खरा ठरतो, असे लिपिकांनी सांगितले. दि. ८ रोजी अर्जदाराने म्हणणे मांडले की, तक्रार जशी ज्याच्याविरुद्ध आहे त्याचा पुरावा आहे, तशी ती करणाराचाही आहे. जो रोज पाहतो तो तेथे असल्याशिवाय कसा पाहील? लिपिकांनी पत्त्यावर बोट ठेवले. दि. १२ रोजी अर्जदाराने विचारले की, मग अर्जदाराने करावे तरी काय? तेव्हा ते म्हणाले, "तुमच्याविरुद्ध कोणाची तक्रार असेल तर आणा." ते वैतागून म्हणाले असावेत. अर्जदाराने ते मनावर घेतले व बाजारभर हिंडला. साहेब, बारा वर्षांत अर्जदाराविरुद्ध एकाही माणसाने काहीही लिहून दिलेले नाही. त्या संध्याकाळी अर्जदारास प्रथमच असे वाटले की, आपण येथे खरोखर होतो की नव्हतो.

७. दि. १७ रोजी दुपारी बसलिंगप्पा आपली बैठक सोडून नऊ पावले चालत आला, अर्जदारासमोर बसला आणि म्हणाला, "कागद काढा. तुमच्यावर तक्रार करायची हाय. मला लिवता येत न्हाई, तुमीच लिवा." अर्जदाराने कागद काढला. त्याने सांगितले ते अर्जदाराने अक्षरशः उतरून घेतले, ते असे :

"म्या बसलिंगप्पा. मला शेषेरावांचा तरास हाय. बहात्तर सालापासून हाय आन् रोज हाय. खडीवर माझ्या ढिगाकडं बघायचे, आता माझ्या गिऱ्हाइकाकडं बघायलेत. म्या यायच्या आधी ह्यांचं दुकान मांडलेलं असतंय आन् म्या गेल्याबिगर ह्यांचं उचलत न्हाई. एक दिवस बी ह्यांनी मला सुट्टी दिली न्हाई."

अर्जदाराने 'एवढेच काय' असे विचारले. वास्तविक एवढे पुरेसे होते. तो पुढे म्हणाला :

"माझी बायकू गुणाबाई वारली तवा म्या तीन दिवस बाजारात आलो न्हाई. तिसऱ्या दिवशी झोपडीच्या दारात हे उभे. भावकीतलं कुणी आलं न्हाई, हे आले."

(खुलासा : अर्जदार त्या दिवशी जागा कायमची मोकळी झाली काय, हे पाहावयास गेला होता. हा खुलासा अर्जदाराने लिहिता लिहिता तोंडीही केला.)

"मला ठावं हाय कशाला आले ते. पर आले. आता सरकार मला पक्क्या गाळ्यात बसवायलंय, शेजारी कोण येतंय ठावं न्हाई. म्या दुकान मांडलं का न्हाई ह्याच्यावर ध्यान ठिवणारं एक माणूस हाय, त्याला हलवू नगा. एवढीच तक्रार."

येथे अर्जदाराचा हात थांबला. तक्रारीचा शेवट, तारीख, अंगठ्याची जागा हे सर्व लिहावयाचे राहिले होते, पण पुढे लिहिता येईना. तेव्हा बसलिंगप्पाने अर्जदाराच्या पाठीवर हात ठेवला, कानाशी वाकला आणि जनावरांना म्हणतो तेच दोन शब्द म्हणाला : "आयतु, आयतु." बारा वर्षे नऊ पावलांवरून जे ऐकू आले नव्हते, ते असे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने उदगीरकडच्या एका कानडी जाणणाऱ्या गृहस्थास अर्थ विचारला. 'झालं, झालं' असा आहे. तो टोचायच्या आधीच जनावराला झाले म्हणून सांगतो. यात मंत्र नाही व गूळही नाही. सबब दुसरी तक्रार अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. उरलेल्या तीन मात्र कायम ठेवाव्यात, कारण त्यांवर बसलिंगप्पाचा गाळा आहे.

८. सोबतचा कागद परवाचा असला तरी तक्रार जुनी आहे, हे साहेबांच्या ध्यानात येईल. अर्जदाराची हात जोडून विनंती की, ती ग्राह्य धरून गाळा क्रमांक १ च्या भिंतीस लागून जो गाळा असेल तो अर्जदारास द्यावा. एकच शटर चालेल. सावली नसली तरी चालेल. तो गाळा दुसऱ्यास दिलेला असल्यास जिन्याखालची जागा द्यावी, मात्र तेथून गाळा क्रमांक १ चे दार दिसले पाहिजे. अर्जदाराचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, याचाही विचार व्हावा.

शेवटी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. अर्जदाराच्या चार तक्रारी मिळून अकरा पाने झाली. बसलिंगप्पाची एकच, तीही एका पानाची, आणि अक्षर अर्जदाराचे असूनही ती जास्त चांगली उतरली आहे. तेवढे अर्जदाराच्या मनाला लागून राहिले आहे.

आपला नम्र व बसलिंगप्पाचा शेजारी,
शेषेराव ग्यानोबा बिडवे

सोबत :
१) तक्रारींच्या प्रती, चार (पैकी एक मागे घेतलेली).
२) पंचनाम्याच्या नकाशाची नक्कल. कोऱ्या जागेवर अर्जदाराने पेन्सिलीने स्वतःची बैठक दाखविली आहे.
३) बसलिंगप्पा रेवणसिद्ध हत्ते याची अर्जदाराविरुद्धची तक्रार, डाव्या हाताच्या अंगठ्यासह. अंगठ्याला साक्षीदार : अर्जदार.

ता. क. : अर्जदार हा अर्ज घेऊन कार्यालयात आला असून तोपर्यंत त्याच्या दुकानाकडे बसलिंगप्पा बघत आहे. तरी पोच लवकर मिळावी. गिऱ्हाईक आल्यास तो अर्जदारापेक्षा जास्त विकील.