काथ्याची गाठ

आबा, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी अक्षरं गिरवली ती जहाजावर, माझी मीच. तरी लिहितो.

जहाज न्यूझीलंडला लागलंय. बॉयलरच्या दुरुस्तीला चार दिवस, म्हणून आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि मी बसनं रोटोरुआ नावाच्या गावी जाऊन आलो. तिथं जमिनीतून वाफ निघते, चिखल पेजेसारखा रटरटतो. वासानं उन्हेऱ्याचं गरम पाण्याचं कुंड आठवलं. तुम्ही गुडघे शेकायला जायचात, मला काठावर बसवायचात. तिथल्या मूळच्या माओरी बायका त्या वाफेत टोपली ठेवून बटाटे उकडतात. पुढं एका मांडवात त्यांची जुनी लांब होडी आहे. तळ एका ओंडक्याचा, आणि वरची फळी खिळ्यांनी नव्हे, वाखाच्या दोरीनं शिवलेली. भोकं वीत-वीत अंतरावर. मी मोजली.

आणि डोळ्यांपुढं आलं: थळच्या किनाऱ्यावर तुम्ही अशीच होडीची फळी काथ्यानं शिवताय. मी विशीतला, गोदीत दोन वर्षं खिळे ठोकून आलेला. गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "आबा, ही होडी हाय का गोधडी?" माणसं हसतात. तुम्ही मान वर करत नाही. "खिला गंजतो रं. काथ्या भिजला का घट्ट व्हतो." पुढच्या वर्षी सगळ्यांनी खिळ्यांच्याच होड्या मागितल्या. तुम्ही दाभण आढ्याला खोचलंत, ते कायमचं.

मांडवातल्या म्हाताऱ्या कारागिराला मी मोडक्या इंग्रजीत, छाती काढून सांगितलं, "माझे वडील असंच शिवायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो." म्हातारा खुलला. आतून दोरी आणून माझ्या हातात दिली. "मग बांध. तुमची गाठ बघू दे."

"दाखव की मिस्तरी," सारंग म्हणाला, "एरवी तर आम्हाला शिकवतोस!"

मी जहाजावरची गाठ मारली. म्हाताऱ्यानं एका बोटानं ओढली, सुटली. तो हसला नाही. माझे हात धरून त्यानं स्वतःची गाठ घालून दाखवली. ती आता मला येते. तुमची येत नाही.

हे पत्र हत्यारांच्या पेटीत, तळाशी जाईल. आजवर मी लोकांना सांगत आलो, की आमचा बाप शेवटची गाठ अंगाआड घालायचा, पोटच्या पोरालाही दाखवली नाही. खोटं आहे, आबा. तुम्ही दोनदा हाक मारून जवळ बसवलंत. "हात बघ," म्हणालात. मी बंदराकडे बघत बसलो होतो.