शिवलेल्या पोटातली चमक

११ जानेवारी १९८८, सोमवार
सबनीसांचं डोकं ठिकाणावर नाही! चंद्रभागा पाटील, कोपर गावची, हर्नियाचं ऑपरेशन यांनीच केलेलं. तिची जखम आज तिसऱ्यांदा फुटली. तर म्हणे टीबी. जखमेचा तुकडा मला तपासायला पाठवलेला नाही, आणि गोळ्या सुरू! वर राऊंडला सगळ्यांसमोर, "ही खाडीकाठची माणसं, घाणीत वावरतात." हॉस्पिटलात सर्जन म्हणजे देवाचे बाप, आणि आम्ही लॅबवाले तळमजल्यावरचे उंदीर.

१३ जानेवारी
जिन्यात चंद्रभागेने मला गाठलं. "बाय, सून नातू माजे हातान देत नाय गो. ताट बी येगला केलाय. सांगते टीबी लागंल." नातू पाच महिन्यांचा. रडली नाही, पदर पोटावर दाबून उभी होती, पू झिरपत होता म्हणून. असा संताप आला!

तशीच सबनीसांकडे गेले. तुकडा द्या म्हटलं. "उत्तराबाई, तुम्ही भिंगात बघा, पोट आम्ही बघतो." म्हटलं, भिंगात बघायलाच तर मागतेय. मंजुळा सिस्टर फिसकन हसली. तुकडा मिळाला.

१८ जानेवारी
स्लाइड तयार. मोठाल्या पेशी गोळा झाल्यात, टीबीत होतात तशाच. पण टीबीचा जंतू रंग देऊन देऊन दिसेना. आणि त्या पेशींच्या पोटात काचेसारखे बारीक कण, अगदी पुसट. धूळ असेल म्हणून तीनदा नव्या चकत्या कापल्या. तरी आहेतच.

१९ जानेवारी
दिराने मस्कतहून आणलेला भारी पोलरॉइड गॉगल, चार वर्षं ज्याचं कौतुक ऐकतेय, तो आज मोडला. शांतपणे. एक काच मायक्रोस्कोपच्या दिव्यावर ठेवली, दुसरी डोळ्याशी धरून फिरवली. सगळं अंधारलं — आणि ते कण लखलखले! शिरगोळ्याची रांगोळी सांडावी तसे. अशा दोन काचांमधून पेशी विझतात, दगडाची पूड मात्र चमकते. पावडर! रबरी हातमोज्यांची पावडर, चंद्रभागेच्या पोटात!

(घरी गॉगल शोधताहेत. शोधू देत.)

२० जानेवारी
थिएटरच्या मागच्या गॅलरीत गेले. तिथे गुणाजीचं राज्य. वीस वर्षं हेच काम — वापरलेले हातमोजे धुवायचे, दोरीवर वाळवायचे, फुंकून भोकं बघायची, मग डब्यातली पावडर. "मॅडम, साहेबांचे हात लय घामेजतात. मोजा चढला नाय तर माझ्याच तोंडावर फेकतात. म्हणून मी पावडरला हात राखत नाय!" अभिमानाने सांगत होता. मोज्यांवर आतून-बाहेरून पिठासारखा थर. हे पोटात गेलं की शरीराला पचवता येत नाही नि टाकताही येत नाही. वेढा घालून बसतं. जखम भरणार कशी, कपाळ?

२२ जानेवारी
सबनीसांशी कडाक्याचं भांडण.

"माझ्या हातांवर आरोप करताय?"
हातांवर नाही, मोज्यांवर.
"ती पावडर तुमच्या लॅबमधली नाही कशावरून?"

चोराच्या उलट्या बोंबा! म्हटलं, चला खाली. आले, पाय आपटत. आधी दुसऱ्या एका बाईच्या गर्भाशयाची स्लाइड लावली, माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने, त्याच दिवशी कापलेली. गॉगलच्या काचांतून काळाकुट्ट अंधार, एक कण नाही. मग चंद्रभागेची. बराच वेळ डोळा काढला नाही त्यांनी. उठले, गेले. माफी वगैरे? नाव नको!

२ फेब्रुवारी
चंद्रभागेची जखम उघडून साफ केली. मोजे चढवल्यावर सलाइनने खळखळून धुतले, पुसले. मी दारात पहाऱ्याला. "आता समाधान?" मास्कमधून कुजकं हसले. नाही म्हटलं.

६ फेब्रुवारी
जखम कोरडी. इतक्यात काही लिहायला नको.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
भरली! पूर्ण भरली! टीबीच्या गोळ्या बंद. सुनेला रिपोर्ट मीच समजावून सांगितला, जरा आवाज चढवूनच. तिने तिथल्या तिथे, बाकड्यावर, पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. चंद्रभागा त्याचे पायच कुरवाळत बसली. "बाय, तू नसतीस तं..." म्हणाली. मी फुशारले, खोटं कशाला लिहू.

त्याच तोऱ्यात संध्याकाळी सबनीसांना सुनावलं — तुकडा न बघता टीबी ठरवायला शिकवलं कुणी तुम्हाला? ओरडतील वाटलं. हळूच म्हणाले, "तुम्ही. अशा जखमांचे तुकडे पूर्वी पाठवायचो की. दर वेळी खालून टीबीच लिहून यायचं. मग पाठवायचं बंद केलं."

खोटारडा!

२७ फेब्रुवारी
जुन्या पेट्या काढल्या. न भरणाऱ्या जखमा, टीबी म्हणून दिलेल्या — अकरा स्लाइड. गॉगलच्या काचा लावून एकेक बघितली. सात चमकल्या. एक जनी भोईरची, वय एकोणीस. टीबी कळल्यावर तिचं ठरलेलं लग्न मोडलं, मंजुळा सिस्टरला आठवतंय.

सातही रिपोर्टांवर सही माझी.