वरच्या वाडीची राज्यघटना

४ ऑगस्ट
आज आमची वरची वाडी स्वतंत्र झाली. भोरहून फोन आला. खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीतून आम्ही बाहेर, आता आमची वेगळी पंचायत. इतकी वर्षं त्यांच्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी प्यायलो, ते संपलं. देश स्वतंत्र झाल्यावर पहिलं काम म्हणजे घटना. ती लिहायची कुणी? मी पुण्यात कंपनीच्या कँटीनला सुपरवायझर होतो, त्यामुळं प्रश्नच नाही. पहिला सरपंच मी. २६ जानेवारीला वाडीचा पहिला झेंडा माझ्या हातानं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आदी गोठ्याचा पत्रा बगा.

७ ऑगस्ट
मसुदा समिती स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य दोन: चुलतभाऊ कुंडलिक (रिकामाच असतो) आणि बचत गटाची बाळाबाई (नाही घेतली तर सगळ्या बाया विरोधात जातील). देशाच्या घटनेला जवळजवळ तीन वर्षं लागली. आपण गणपतीच्या आत उरकू. सुरुवात झकास झाली: 'आम्ही, वरच्या वाडीचे लोक'. बाळाबाईनं विचारलं, त्यात मानसिंग पन आला का? मानसिंग टेम्पोवाला. अख्ख्या वाडीचं दूध भोरला नेतो, म्हणून लोक त्याला मान देतात. दुसरं काही नाही. म्हटलं, नाइलाजानं आला.

१२ ऑगस्ट
नूतन मॅडम, नव्या ग्रामसेवक, येऊन गेल्या. म्हणाल्या, घटना देशाला एकच असते आणि ती झालेली आहे, तुम्ही फक्त निवडणूक घ्या. नोकरीतली माणसं, दूरदृष्टी कमी. जाताना खऱ्या घटनेचं पुस्तक देऊन गेल्या. बरंच जाड आहे. उद्यापासून रोज दहा पानं.

१३ ऑगस्ट
पाहुणे आले. उद्यापासून.

३१ ऑगस्ट
देवळात बैठक. सरपंचपद खुलं निघालंय. सगळ्यांचं एकमत, की निवडणूक बिनविरोध करायची. सगळ्यांचं दुसरंही एकमत, की पाच वर्षं एकानंच बसायचं नाही, वाटून घ्यायचं. मी जरा नाराज झालो, पण मोठ्या माणसाला त्याग करावा लागतो. मग डोकं चालवलं. पहिले तीन महिने, ऑक्टोबर ते डिसेंबर, कटकटीचे. शिक्का नाही, खुर्ची नाही, नुसत्या शिव्या. ते मानसिंगला दिले. त्यानंतरचं अख्खं वर्ष माझं. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, तिन्ही झेंडे. मानसिंगनं देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली, की तीन महिने झाले की राजीनामा देईन. बिचाऱ्याला काही कळलंच नाही.

२ सप्टेंबर
माझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून घटनेत कलम नऊ घातलं. मुदत ऑफिस उघडल्या दिवसापासून मोजायची. झाडाखाली बसून काढलेले दिवस धरायचे नाहीत. वाचून दाखवल्यावर टाळी पहिल्यांदा मानसिंगनंच वाजवली. मनाचा मोठा आहे, मान्य करायला पाहिजे.

१ ऑक्टोबर
मानसिंग सरपंच झाला. मी हार घातला. ऑफिसला जागा नाही. मी ओरडून सांगितलं, घाई नको. उद्घाटन माझ्या काळातच झालेलं बरं.

१६ नोव्हेंबर
भोरला जाऊन पांढरा लेंगा-झब्बा शिवायला टाकला. टेम्पोतून मानसिंगनंच नेलं. पुस्तक पान चार.

१ जानेवारी
नवा लेंगा घालून राजीनामा घ्यायला गेलो. मानसिंगनं चहा दिला. भंडारा उचलल्यालं लक्षात हाय म्हणाला, तीन म्हैने म्हंजे तीन म्हैने. पण कवापासून? आणि त्यानं माझ्यापुढं कलम नऊ म्हणून दाखवलं. पाठ. ऑफिस कुठाय, असं विचारलं. म्हणजे त्याचा एक दिवससुद्धा अजून भरलेला नाही. चहा मात्र गोड होता.

२ जानेवारी
समितीची तातडीची बैठक. कलम नऊ रद्द करायचा ठराव मांडला. कुंडलिक म्हणाला, दादा, मानसिंग माझं दूध नेतो. बाळाबाई म्हणाली, कलम आमाला लई आवडलंय. ठराव पडला.

९ जानेवारी
उपाय सापडला. ऑफिस माझ्याच पडवीत उघडायचं. झेंडा ऑफिसपुढं लागतो, म्हणजे माझ्या अंगणात. माझ्या अंगणात, माझ्या दारात, दोरी मानसिंग ओढील? लाजेखातर तरी माझ्या हातात देईल. भाताची पोती आत, आमची बाज आत, म्हाताऱ्या आईचं अंथरूण गोठ्यात. बायको म्हणाली, गोठ्याचा पत्रा बगितला का? इतिहासात बायका असंच करतात.

२४ जानेवारी
ऑफिस उघडलं. पाटी लागली. मानसिंग माझ्या पंख्याखाली बसला आणि स्पीड वाढवायला सांगितलं. आता घरात जायचं तर ऑफिसमधून जावं लागतं. बायको डोक्यावर हंडा घेऊन निघाली तर बैठक चालू होती, तिला थांबायला लावलं. आजपासून त्याचे तीन महिने सुरू. हरकत नाही, २६ चं माझं आतून ठरलेलं आहे.

२६ जानेवारी, सकाळ
सहालाच तयार. लेंगा-झब्बा, टोपी. चाळीस माणसांचा चहा बायकोनं केला. बांबू माझा, खड्डाही मीच खणला होता. मानसिंग आला. मी दोरीपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं. मग म्हणाला, सर्जेराव, खड्डा उथळ झालाय, बांबू डुगडुगतोय, तेवढा धरा.

धरला. दोन्ही हातांनी, पोटाशी. दोरी त्यानं ओढली. लोक राष्ट्रगीत म्हणाले, मीही म्हणालो, सलामी द्यायला हात मोकळा नव्हता. वर बघितलं तर बांबू हलत होता, म्हणून झेंडा बघता आला नाही. झेंड्यातली फुलं मात्र सगळी माझ्याच टोपीवर पडली.