आत्याच्या टेप

ताई,

वाकून नमस्कार केला की तू "पुरे रे" म्हणतेस, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

मी बरा आहे. कारखान्यात नवं यंत्र आल्यामुळे काम हलकं झालंय. जेवण वेळेवर होतं. झोपेचं विचारू नकोस.

आत्या गेल्यापासून तिच्या टेप ऐकतोय. घराण्याचा इतिहास उतरवायचा म्हणून मी तिला बोलतं केलं होतं. कोण कुठून आलं, कुणाला किती मुलं, सगळं आहे. पण ती विषय सोडून बोलू लागली की टेप वाया जाऊ नये म्हणून मी बंद करायचो. शहाणाच मी!

जवळजवळ प्रत्येक टेपवर ती म्हणते, "हे झालं लोकांना सांगायचं. आता खरं सांगते, ऐक मेल्या." आणि खट्.

एका ठिकाणी त्या खटच्या आधी तुझं हसू ऐकू येतं. तू तिथेच शेंगा सोलत बसली होतीस. टेप बंद झाल्यावर काय सांगितलं गं तिने? मी पुढचा प्रश्न शोधत होतो, ऐकलंच नाही.

आठवेल तसं लिही, अर्धवट असलं तरी चालेल. भाऊजींची तब्येत, तुझा गुडघा, तेही मध्येच आलं तर येऊ दे. या वेळी मी थांबवणार नाही.

तुझा,
धाकटा